पाटी सकाळपासूनच होती

सोमवार, ४ मार्च

बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता टाईप करून घेणार आहे. बघ, अजून तशीच आहे मी. सगळा बंदोबस्त आधी.

आईला गेल्या सोमवारी स्ट्रोक आला. घाबरू नकोस, जिवावरचं टळलंय. उजवा हात गेल्यासारखा आहे, पायात थोडी ताकद येतेय. आमच्याच हॉस्पिटलमध्ये आहे, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. तिला समजतं सगळं. बोलता मात्र येत नाही. शब्द डोक्यात असतात, ओठांपर्यंत येत नाहीत, असं आम्ही स्पीच थेरपिस्ट लोक नातेवाइकांना सांगतो. मी पंचवीस वर्षं सांगतेय. नातेवाईक मान डोलावतात आणि लगेच खाटेजवळ जाऊन पेशंटच्या कानात ओरडतात. परवा मी नातेवाईक झाले आणि मीही तेच केलं.

तिच्याकडे आता दोनच शब्द उरलेत, तेही जुळे. ‘बरं बरं.’ पाणी हवं, बरं बरं. पाय दुखतोय, बरं बरं. सिस्टरने सुई दुसऱ्यांदा टोचली तेव्हा असं काही ‘बरं बरं’ म्हणाली की सिस्टरने तिची माफी मागितली. आपण दोघं भांडायचो तेव्हा ती असंच म्हणायची. कुणाची बाजू घेतली ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

गिळण्याची तपासणी मीच केली. चमचाभर पाणी द्यायचं, गळ्यावर बोटं ठेवून कंठ वर उचलला जातो का बघायचं, मग ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाज स्वच्छ आला तर ठीक. ओला आला, म्हणजे गुळण्या करताना येतो तसा, तर पाणी श्वासाच्या वाटेला गेलं. काहींना ठसकाही लागत नाही, गुपचूप छातीत उतरतं. बाबांचं तसंच होतं. त्याबद्दल आता बोलायला नको.

आईला साधं पाणी झेपत नाही, पावडर घालून घट्ट केलेलं चालतं. खाटेच्या डोक्याशी मी पाटी लावलीय: ‘फक्त घट्ट पाणी. बसवून. चमच्याने.’

तू यायची घाई करू नकोस. तुला बघून तिच्या जिवाची उलघाल होईल, रक्तदाब चढेल. योग्य वेळ आली की मीच कळवते.

ताई


सोमवार, ११ मार्च

बारक्या,

आईसाठी मी वही केली. जाड पानांची, पानावर चार चित्रं. पाणी, संडास, पांघरूण, पंखा, दुखतंय, डॉक्टर, मी. एकूण चाळीस चित्रं, अगदी चष्मा पुसून दे इथपर्यंत. डाव्या हाताने बोट ठेवायचं की झालं. वॉर्डात सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या वह्या चांगलं काम करतात, हे मी गर्वाने म्हणत नाही. बरं, थोडं गर्वानेच म्हणते.

पण आई त्यातलं काही मागत नाही. पहिल्या पानापासून एकेक पान उलटत जाते, शेवटापर्यंत जाते आणि मागच्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर हात आपटते. मग माझ्याकडे बघते. मग पुन्हा पहिल्या पानापासून. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘थकवा. लक्ष टिकत नाही.’

आमच्याकडे एक सहकारी आहेत, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, कारण ते प्रत्येकाशी फळ्याजवळ उभं राहून बोलल्यासारखं बोलतात. ते शेजारच्या पेशंटला बघायला आले होते. बराच वेळ आईकडे बघत राहिले.

“ताई, बाई काहीतरी शोधतायत.”

“थकलीय ती.”

“थकलेला माणूस वही मिटतो. ह्या पानं उलटतायत.” मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “वहीत जे नाही ते त्यांना म्हणताच येणार नाही ना. आणि एक सांगू? घरच्या माणसाची केस आपण घेत नाही. तुम्हीच मला शिकवलंत.”

मी म्हटलं, माझ्या आईला माझ्याइतकं कोण ओळखतं?

तुझा फोटो मी वहीत लावलेला नाही. तुला खोटं का सांगू? मला वाटलं, तुला बघून ती रडेल.

काल रविवार होता. तिचा फोन माझ्या पर्समध्ये असतो. अकरा वाजता वाजला, स्क्रीनवर ‘बारक्या’ आलं. वाजून वाजून थांबला.

ताई


सोमवार, १८ मार्च

बारक्या,

मागची दोन्ही पत्रं माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. हेही तिथेच जाईल बहुतेक. मग लिहितेय कशाला? विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही.

आई माझ्या हातून पाणी घेत नाही.

मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटते. मान फिरवत नाही, डोळेही मिटत नाही, सरळ माझ्याकडे बघत ओठ मिटते. वॉर्डातल्या मावशींनी तोच चमचा, तेच पाणी दिलं की आ करते. मावशी मला समजावतात, “लेकीवर रुसायचा हक्क असतो हो म्हाताऱ्या माणसाला.” मीही हसते. रुसवा मला कळतो. हा रुसवा नाही.

आणि दुसरं म्हणजे ती पाटी. डावा हात डोक्यामागे नेते, पाटीला बोट लावायचा प्रयत्न करते. मग माझ्याकडे बोट. मग पुन्हा पाटी. दिवसातून दहा वेळा. परवा, शनिवारी, मावशी म्हणाल्या, “त्या पाटीचा त्रास होतोय बघा त्यांना,” आणि काढून माझ्या हातात दिली. आई इतक्या मोठ्याने ‘बरं बरं’ ओरडली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी पाटी परत लावायला हवी होती. मी ती माझ्या खोलीत नेली. सगळ्यांना तोंडी सांगून ठेवलंय, घट्ट पाणीच द्या म्हणून. लक्षात ठेवतील सगळे.

आता एक सांगते. स्ट्रोकच्या दोन दिवस आधी आई स्वयंपाकघरात उभी राहून मला म्हणाली होती, “त्याला बोलावून घे. हे पोटात घेऊन मला मरायचं नाही.” मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, “बघू नको, बोलाव. नाहीतर रविवारी फोनवरच सांगते.” तो रविवार आला, तेव्हा तुझा फोन लागला नाही. सोमवारी सकाळी ती मोरीत पडलेली सापडली.

आणि हेही सांगते. ‘घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय, काळजी नसावी’ हा मेसेज तुला तिच्या फोनवरून गेला ना, तो मी पाठवला. तीन रविवार झाले. कालच्या मेसेजमध्ये शेवटी ‘जेवण वेळेवर घे’ असंही घातलं, कारण ती तसं म्हणते. तू लगेच ‘हो गं आई’ असं उत्तर दिलंस.

माणसांना त्यांचा आवाज परत मिळवून द्यायचं माझं काम. आणि मी हे करतेय.

ताई


गुरुवार, २१ मार्च

बारक्या,

मंगळवारी दुपारी आईला ताप आला. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली डाग दिसला. जेवणाच्या सुट्टीत बदली सिस्टर होती. आईने पाण्याच्या जगाकडे बोट दाखवलं, तिने पेलाभर साधं पाणी पाजलं. आई घटाघटा प्यायली म्हणे. ठसकासुद्धा लागला नाही.

मी धावत गेले ती पाटी घेऊनच. आधी पाटी लावली, मग सगळ्यांना हाक मारली. या क्रमाने. आई डोळे उघडे ठेवून बघत होती.

इनचार्ज सिस्टर आल्या. बदलीवालीला विचारलं, “पाटी वाचता येत नाही का तुला?”

ती बिचारी पांढरी पडली. म्हणाली, “मला पाटी दिसलीच नाही.”

बारक्या, हेच शब्द. याच सुरात. कॉरिडॉरमध्ये, सगळ्या नातेवाइकांसमोर, तू हेच म्हणत होतास. एकदा नाही, सात-आठ वेळा. शेवटी शेवटी तुझा तुझ्यावरच विश्वास उरला नव्हता.

इनचार्जनी माझ्याकडे पाहिलं. “पाटी होती ना, ताई?”

मी म्हणाले, “पाटी सकाळपासूनच होती.”

इतकं सहज आलं तोंडातून. जणू नऊ वर्षं जिभेवरच ठेवलेलं होतं. खाटेवरून आई म्हणाली, “बरं बरं.” हळू, अजिबात न रागावता. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

त्या सिस्टरला घरी बसवलंय. चौकशी होणार आहे.

आणि आज मास्तरांनी मला न विचारताच केस आपल्याकडे घेतली. वही बाजूला ठेवली, कोरे कागद आणि जाड पेन्सिल आणली. तापात, डाव्या हाताने, आईने तासभर रेघोट्या ओढल्या. मग मला बोलावून त्यांनी कागद दाखवला. एक खाट. खाटेवर आडवा माणूस. खाटेच्या डोक्याशी एक बाई, तिला लांब वेणी. बाईच्या हातात चौकोन, आणि तो चौकोन गिरवून गिरवून इतका काळा केलाय की कागद फाटलाय.

“हे काय असेल, ताई?” मास्तर म्हणाले.

लांब वेणी मी नऊ वर्षांपूर्वी घालायचे.

“ट्रे असेल,” मी म्हटलं. “चहाचा.”

त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, ‘ट्रे?’ प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं. मग विचारलं, “घरात आणखी कोण आहे?”

मी म्हटलं, कोणी नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन दिवस माझाच घास उतरत नाहीये. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं तर ठीक, नाहीतर आठवडा. हे सगळं तुला पाठवलं तर तू उद्याच येशील. पाठवलं नाही तर ती जाईल, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहील, कायमची. मी हा विचार केला. पूर्ण केला, अगदी शेवटपर्यंत केला. तुला माहीत असावं म्हणून लिहून ठेवते.


रविवार, २४ मार्च

बारक्या,

काल सकाळी मी माझ्याच फोनवरून तुला फोन केला. वाटलं नव्हतं उचलशील. “आईला स्ट्रोक आलाय, महिना होत आला, ये,” एवढंच म्हणाले. तू फोन ठेवलास. तासाभराने मेसेज आला, ‘उद्या दुपारी पोचतो.’

वॉर्डाच्या दाराशी मावशींनी तुला हे पाकीट दिलं असेल. बाहेर हिरवा बाक आहे, त्यावर बसून आधी वाच. पाकिटात आधीची चार पत्रं आहेत, एकही शब्द खोडलेला नाही. आईचं चित्रही आहे. तो ट्रे नाही.

नऊ वर्षांपूर्वी, त्या दिवशी, मी बाबांना सकाळी दहाला तपासलं. तीन चमचे पाणी दिलं. ठसका नाही, पण आवाज ओला आला. ‘तोंडाने काही देऊ नये’ असं ठरवलं. खोलीत जाऊन पाटी लिहिली आणि काखेत मारून निघाले. वॉर्डाच्या दारातच वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. गळ्यात नळी बसवलेला एक पेशंट होता, दोन महिने मुका. त्या दिवशी त्याच्या नळीवर पहिल्यांदा बोलायची झडप बसवायची होती. म्हटलं, पाच मिनिटांत येते. तो माणूस बोलला. बायकोला हाक मारली त्याने. सगळे टाळ्या वाजवत होते, मला पेढे मिळाल्यासारखं झालं होतं. मी तिथे अडीच तास थांबले. मध्येच एकदा वाटलं, मी काहीतरी शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते लहानपणी तू मला चिडवायचास, तसंच झालं. पाटी माझ्याजवळच होती.

पावणेएकला खाली आले. बाबांना उशीला टेकवून बसवलेलं होतं, मिशीला चहा लागलेला, खुशीत होते. तू त्यांना कपभर चहा पाजून औषधं आणायला खाली गेला होतास. दोन दिवस ते तुझ्याकडे चहा मागत होते. भिंतीवर काहीच नव्हतं, मग तू का देऊ नयेस?

मी खुर्चीवर चढले, पाटी लावली. फाइल उघडली आणि लिहिलं: ‘सकाळी १०.०५. पाटी लावली.’ वळले तर दारात आई उभी.

तिने कुणालाच सांगितलं नाही. बाबा तिसऱ्या दिवशी गेले, मी तुला सगळ्यांसमोर ‘तू मारलंस त्यांना’ म्हणाले, तू बॅग भरलीस, तरी ती बोलली नाही. एकदाच मी तिला विचारलं होतं. म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय सांगू? एक गेलाय, आता तुझी नोकरी घालवू?” तुला घालवलं, ते मात्र आम्ही दोघींनी पोटात घातलं. त्या एका कप चहानेच बाबा गेले असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मी मात्र सांगितलं होतं. तुला.

काल तुझा फोन ठेवल्यावर मी आईच्या पर्समधून तुझा फोटो काढला. चष्म्याच्या घरात, घडी करून ठेवलेला असतो. वहीच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवला, जिथे ती हात आपटायची. वही तिच्यापुढे धरली. ताप होता तरी तिने सगळी पानं उलटली, एकेक करून, आणि शेवटी तुझ्यावर बोट ठेवलं. मग चित्रातल्या काळ्या चौकोनावर. मग माझ्या छातीवर, इतकं जोरात की दुखलं.

मी म्हटलं, “हो. मीच. उद्या तो येतोय. त्याला सगळं सांगते.”

तिने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. आणि मग आ केला.

इतक्या दिवसांनी तिने माझ्या हातून चमचाभर घट्ट पाणी घेतलं, बारक्या. मला रडू आवरेना. पण बोटं गळ्यावर होती. कंठ अर्धाच उचलला गेला. ‘आ’ म्हणायला सांगितलं. आवाज ओला होता. बाबांचा होता तसाच, अगदी तोच. आणि ठसका नाही.

आज पुन्हा तपासलं, मास्तरांना समोर उभं करून. तेच. आता तिला घट्ट पाणीही चालणार नाही. नळीने देतील, जितके दिवस मिळतील तितके. डॉक्टरांनी आता आठवडा म्हणणंही सोडलंय.

तू आत गेलास की ती पाण्याच्या जगाकडे बोट दाखवेल. ‘बरं बरं’ म्हणेल. तिच्या डोळ्यांत बघून तुला वाटेल, एक घोट दिला तर काय होतंय. देऊ नकोस. ओल्या कापसाने ओठ पुस, कापूस कपाटावर ठेवलाय.

मी तिथे नाही. इनचार्जकडे जाऊन आलेय, ती सिस्टर उद्यापासून कामावर येतेय. आता खाली ऑफिसमध्ये आहे, नऊ वर्षांपूर्वीची बाबांची फाइल मागवलीय, साहेबांसमोर ते पान उघडून बसणार आहे. तू बोलावलंस तर वर येईन. नाही बोलावलंस तर येणार नाही.

आत जाताना खाटेच्या डोक्याशी बघ. मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘तोंडाने काही देऊ नये.’ खाली वेळ आहे, माझी सही आहे, शेजारी मास्तरांची आणि मावशींची. दारातूनच दिसते. या वेळी ती खरंच सकाळपासून आहे.

ताई